टाका सुटला

मुंबईतल्या महापालिकेच्या एका रुग्णालयात, सर्जरीच्या वॉर्डात, मी 31 वर्षे परिचारिका म्हणून काम केले. त्यांतली शेवटची नऊ वर्षे मी वॉर्डाची इनचार्ज सिस्टर होते. आतड्याचा काही भाग काढून उरलेली दोन टोके जोडल्यानंतर तो जोड गळू लागला, म्हणजे आतड्यातला मळ आणि जंतू जोडातून पोटाच्या पोकळीत झिरपू लागले, की आमच्याकडे सगळ्यांच्या तोंडी एकच शब्दप्रयोग असे : टाका सुटला. वॉर्डातले मामा आणि मावशी तसे म्हणत, निवासी डॉक्टर घाईत असले की तेही तसेच म्हणत, आणि रत्नागिरीहून किंवा बुलढाण्याहून आलेल्या, जिन्याच्या पायरीवर डबा उघडून बसलेल्या नातेवाइकांना मीही कितीदा तरी तसेच सांगितले आहे. सांगायला तो शब्द सोपा पडतो. ऐकणाऱ्याने कधी ना कधी उसवलेली शिवण पाहिलेली असते, त्यामुळे तो पुढे काही विचारत नाही.

माझ्या थोरल्या भावाच्या बाबतीत हेच दोन शब्द एका तरुण निवासी डॉक्टरने माझ्या वहिनीला सांगितले, तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते आणि बाहेर जुलैचा पाऊस कोसळत होता. वहिनीने ते ऐकून घेतले. थोड्या वेळाने ती मला म्हणाली, "वन्सं, हा टाका घातला कुणी होता?" वहिनीने भांडुपच्या घरात शिलाई मशीनवर ब्लाउज शिवून दोन मुलांची शिक्षणे केली आहेत. टाका सुटला तर तो घालणाऱ्याला विचारायचे, हा तिच्या दृष्टीने सरळ व्यवहार होता. इतकी वर्षे तो शब्द वापरूनही मला तिला उत्तर देता आले नाही. आज देता येईल असे वाटते, म्हणून हे लिहीत आहे.

मुळात दादाच्या पोटात त्या जागी टाका नव्हताच. त्याला गुदाशयाचा कर्करोग होता आणि गाठ गुदद्वारापासून साधारण 11 सेंटिमीटर वर होती. गाठीसह आतड्याचा तो भाग काढल्यानंतर वरचे मोठे आतडे खाली ओढून उरलेल्या गुदाशयाला जोडायचे होते. हे काम आता बहुतेक ठिकाणी वर्तुळाकार स्टेपलरने होते. यंत्राचा दांडा गुदद्वारातून आत जातो, दोन्ही टोके एकमेकांवर दाबली जातात, टायटॅनियमच्या बारीक पिनांच्या दोन गोल रांगा एकदम बसतात आणि त्याच क्षणी आतले गोल पाते मधला पडदा कापून टाकते. बाहेर काढलेल्या यंत्रात आतड्याच्या दोन बारीक कड्या अडकून येतात. त्यांना शस्त्रक्रियागृहात सगळे 'डोनट' म्हणतात, आणि त्या दोन्ही कड्या अखंड आहेत ना हे शल्यविशारद बोटावर फिरवून पाहतात. मग ओटीपोटात सलाइन भरून खालून हवा सोडली जाते. पंक्चर काढणारा जशी ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवून बुडबुडे शोधतो, तशीच ही तपासणी असते. दादाच्या कड्या अखंड होत्या आणि बुडबुडा एकही आला नव्हता, असे शस्त्रक्रियेच्या नोंदीत स्पष्ट लिहिले होते. पुढे पोट पुन्हा उघडले गेले तेव्हा पिनाही जिथल्या तिथे होत्या. तरीही जोडाच्या मागच्या बाजूला करंगळीचे टोक जाईल एवढे भोक पडले होते.

हे कसे होते, ते समजायला जोडाचा पहिला आठवडा दिवसागणिक पाहावा लागतो. टाका असो की पिन, त्याचे काम इमारतीचा स्लॅब टाकताना लावलेल्या सेंटरिंगसारखे असते. ते दोन कडा एकमेकींजवळ धरून ठेवते, आणि खरी मजबुती आतून यावी लागते. आतड्याच्या भिंतीला बळकटी देणारे कोलाजेन कापलेल्या कडांपाशी पहिल्या दोन-तीन दिवसांत विरघळू लागते, कारण जखम साफ करण्यासाठी आलेली शरीराची विकरे (एन्झाइम) जुन्या तंतूंना तोडत असतात. नवे तंतू विणायला सुरुवात झालेली असते, परंतु त्यांना अजून ताकद आलेली नसते. जुने गेले आहे आणि नवे आलेले नाही, असा तो काळ साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी असतो, आणि त्या दिवसांत जोड सर्वांत कमकुवत असतो. त्याच सुमारास रुग्णाच्या नाकातून जठरात घातलेली नळी, रायल्स ट्यूब, निघालेली असते, आतडे पुन्हा हलू लागलेले असते, तोंडावाटे पातळ अन्न सुरू झालेले असते. गळतीची लक्षणे बहुधा पाचव्या ते सातव्या दिवसाच्या आसपास दिसू लागतात, त्याचे एक कारण हे आहे. काहींच्या बाबतीत ती घरी गेल्यानंतर, दोन-तीन आठवड्यांनीही दिसतात.

या सगळ्या विणकामाला रक्त लागते. आतड्याच्या टोकाला रक्तपुरवठा चांगला हवा आणि जोडावर ओढ नको, हे शल्यविशारदांचे पहिले दोन नियम आहेत. म्हणूनच डाव्या बाजूचे मोठे आतडे प्लीहेच्या खालपर्यंत मोकळे करून मगच खाली आणले जाते. अलीकडे इंडोसायनिन ग्रीन नावाचे द्रव्य शिरेतून देऊन विशेष कॅमेऱ्याखाली आतड्यात रक्त कुठवर पोहोचते आहे ते हिरव्या चमकेने पाहता येते. गुदाशय मात्र अवघड जागी असतो. पुरुषांचे ओटीपोट अरुंद असते, तिथे हात आणि यंत्र दोन्ही अडतात, आणि गुदाशयाच्या खालच्या भागाला आतड्याच्या इतर भागांसारखे बाहेरचे गुळगुळीत आवरण नसते. म्हणून लहान आतड्याचा किंवा उजवीकडचा जोड गळण्याचे प्रमाण थोडे असते, आणि जोड जितका खाली तितकी भीती वाढते. गुदाशयाच्या जोडांत ढोबळमानाने दहातला एक गळतो असे आम्ही वॉर्डात धरून चालत असू, आणि जगभरच्या अभ्यासांतले आकडे याच्या थोडे अलीकडे-पलीकडे पडतात.

मनुष्याला ही भीती फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात उदररोगांच्या अध्यायात 'परिस्रावी उदर' असा एक विकार सांगितला आहे. अन्नातून गेलेल्या काट्यासारख्या वस्तूने आतड्याला भोक पडते आणि आतले द्रव्य पोटात स्रवू लागते, असे त्याचे स्वरूप. उपाय म्हणून पोट उघडून तो काटा काढावा, भोकाच्या कडा काळ्या मुंग्यांकडून चाववून घ्याव्यात, मुंग्यांची धडे तोडून टाकावीत आणि डोकी तशीच राहू द्यावीत, असे सांगितले आहे. मला त्यातले उपायाचे चातुर्य तर थक्क करतेच, पण त्याहून अधिक तो शब्द थक्क करतो. परिस्रावी म्हणजे पाझरणारे. त्या वैद्याने आजाराला नाव देताना कुणाचा हात चुकला हे विचारले नाही. पोटात काय घडते आहे तेवढे सांगितले.

युरोपात 1826 मध्ये आंत्वान लाँबेर यांनी आतड्याची बाहेरची आवरणे एकमेकांना भिडतील असा टाका घालायला शिकवले, आणि 1887 मध्ये अमेरिकेत विल्यम हॅल्स्टेड यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवून दिले की आतल्या अस्तराखालचा पातळ पण चिवट थर टाक्यात आला तरच जोड टिकतो. आजही प्रत्येक शल्यविशारद टाका घालताना तोच थर पकडतो. तंत्र इतके सुधारूनही गळती संपलेली नाही. शिकागो विद्यापीठात जॉन अल्व्हर्डी यांच्या गटाने 2015 मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले की आतड्यात एरवी राहणारा एंटेरोकॉकस फीकॅलिस हा जंतू स्वतःच कोलाजेन तोडू शकतो आणि शरीराच्या तोडणाऱ्या विकरांनाही चेतवू शकतो. निर्दोष जोडाचीही अशी आतून झीज होऊ शकते. हे मी निवृत्त झाल्यावर, दादाच्या आजारपणानंतर वाचले, आणि वाचताना 31 वर्षांतले कितीतरी चेहरे डोळ्यांसमोरून गेले. त्यांच्या मुलांना, बायकांना मी 'टाका सुटला' असे सांगून माघारी पाठवले होते.

दादाच्या शस्त्रक्रियेपूर्वी एक निर्णय झाला होता, आणि त्यात मीही होते. गळतीची भीती जास्त असेल तेव्हा शल्यविशारद जोडाच्या वर, लहान आतड्याचा एक वेढा पोटाच्या भिंतीवर आणून तात्पुरता मार्ग करतात. मळ तिथून पिशवीत जमा होतो आणि खालचा जोड शांतपणे भरून येऊ शकतो. स्वीडनमधल्या रुग्णालयांत 234 रुग्णांवर झालेला आणि 2007 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात गुदाशयाचा खालचा जोड केलेल्यांपैकी ज्यांना पिशवी नव्हती त्यांच्यापैकी 28 टक्क्यांना त्रासदायक गळती झाली, तर पिशवी असलेल्यांपैकी 10 टक्क्यांना. दादाचा जोड त्या अभ्यासातल्या जोडांपेक्षा वर होता आणि त्याला आधी रेडिएशनही दिलेले नव्हते, त्यामुळे पिशवी हवीच असे नव्हते. सर्जन म्हणाले होते की प्रत्यक्ष जोड पाहून टेबलावरच ठरवू. दादाने मात्र त्यांचे हात धरून सांगितले, "डॉक्टर, काहीही करा, पण पिशवी नको." मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, "बाय, तू सांग ना त्यांना."

मी शेकडो पिशव्या बदलल्या आहेत. पिशवी घेऊन शेतावर गेलेले, लग्न केलेले, शाळेत शिकवायला परतलेले रुग्ण मी पाहिले आहेत. पिशवी म्हणजे शेवट असे समजणाऱ्यांच्या खाटेशी बसून मी तासन्‌तास त्यांची समजूत घातलेली आहे. त्या दिवशी मात्र समोर माझा भाऊ होता, आणि मी त्याच्या बाजूने मान हलवली. सर्जनांचा अंतिम निर्णय माझ्या मान हलवण्यावर अवलंबून नव्हता, हे मला कळते. जोड उत्तम झाला म्हणून त्यांनी पिशवी केली नाही. तरीही दादाला जे सांगण्याची जागा मला होती, ते मी त्या दिवशी सांगितले नाही.

शस्त्रक्रिया सोमवारी झाली. पहिले तीन दिवस सगळे वेळापत्रकाप्रमाणे चालले. दुसऱ्या दिवशी तो खुर्चीत बसला, तिसऱ्या दिवशी दुपारी त्याला गॅस पास झाला. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर घरातली सगळी माणसे ज्या बातमीची वाट पाहतात ती हीच असते. वहिनीने घरी फोन करून मुलाला देवापुढे साखर ठेवायला सांगितली. शुक्रवारी, चौथ्या दिवशी, त्याने सकाळचा चहा अर्धा टाकला. नाडी 104 होती. पोट थोडे तट्ट वाटत होते, पण आतडे सुस्तावले असेल, असे मी स्वतःलाच सांगितले.

शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास मी पोहोचले तेव्हा त्याला उचकी लागलेली होती. नाडी 118. श्वास मिनिटाला 26. ताप म्हणावा असा नव्हता, 99.8 एवढाच. लघवीची पिशवी रात्रीपासून फारशी भरलेली नव्हती. ड्रेनमध्ये, म्हणजे पोटातला द्रव बाहेर काढणाऱ्या नळीत, फिकट लालसर पाणी होते, त्यात मळाचा रंग किंवा वास नव्हता, आणि त्याच गोष्टीने सगळ्यांना धीर दिला होता. ईसीजी काढून झाला होता, तो ठीक होता. छातीच्या एक्स-रेमध्ये खाली किंचित पांढरे दिसत होते, म्हणून कफ असेल असे धरून वाफारा सुरू केला होता. यातली प्रत्येक कृती वेगवेगळी पाहिली तर योग्यच होती. पण आतड्याच्या जोडानंतर पाचव्या दिवशी जोरात धावणारी नाडी आणि वाढलेला श्वास यांचा उगम छातीत दिसला तरी आधी पोटात शोधायचा असतो, हे मी नव्या मुलींना वर्षानुवर्षे शिकवत आले होते. जंतूंच्या विषाने हृदय आणि फुफ्फुसे आधी बोलतात, पोट मागाहून बोलते. ड्रेन कोरडा किंवा स्वच्छ असणे याचा अर्थ गळती नाही असा होत नाही. नळीचे टोक एका बाजूला असते आणि मळ दुसऱ्या बाजूला साचू शकतो.

दादाने माझा हात धरला आणि तो म्हणाला, "बाय, काल होतो तसा मी आज नाही."

हे वाक्य मी वेगवेगळ्या तोंडांतून ऐकलेले आहे. कुणी म्हणते, काहीतरी बरे वाटत नाही. कुणी म्हणते, जीव घाबरा होतो. एका म्हाताऱ्या आजींनी तर मला घरी न्या, असे म्हटले होते. रुग्णाचे हे सांगणे आकड्यांच्या आधी येते. मी ते ओळखले. ड्यूटीवरच्या सिस्टरला मी सांगितले, तिने निवासी डॉक्टरांना सांगितले, त्यांनी पोट तपासून मऊ असल्याचे लिहिले. वरिष्ठ सर्जनांचा नंबर माझ्याजवळ होता. परंतु हे माझे रुग्णालय नव्हते, मी इथे नातेवाईक होते, आणि निवृत्त सिस्टरने दुसऱ्यांच्या वॉर्डात हुकूम चालवू नये, असा एक संकोच माझ्या मनात होता. मी अकरा वाजल्यापासून संध्याकाळी सहापर्यंत त्या संकोचात बसून राहिले आणि दर अर्ध्या तासाने नाडी मोजत राहिले. सहा वाजता ती 128 झाली, तेव्हा मी फोन केला.

सर्जन पावसातून आठच्या आत आले. रक्तातले सीआरपी, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारे प्रथिन, 286 निघाले. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी हा आकडा 150 च्या आत असेल तर गळती असण्याची शक्यता बरीच कमी होते, आणि तो उतरण्याऐवजी चढत असेल तर शोध घ्यावाच लागतो. म्हणून आता अनेक ठिकाणी तो ठरवून तपासला जातो. सीटी स्कॅनमध्ये खालून सोडलेले औषध जोडाच्या मागे पाझरलेले दिसले, सोबत हवेचे बुडबुडे आणि द्रव. सीटीसुद्धा सुरुवातीला फसवू शकतो, स्कॅन निर्दोष आला आणि दुसऱ्या दिवशी पोट उघडावे लागले असे रुग्ण मी पाहिले आहेत. दादाच्या बाबतीत संशयाला जागाच उरली नव्हती. गळती सगळी सारखी नसते. काहींना केवळ तपासणीत दिसते आणि उपचार बदलावे लागत नाहीत, काहींना प्रतिजैविके आणि सुईने टाकलेली नळी पुरते, आणि काहींचे पोट पुन्हा उघडावेच लागते. दादा तिसऱ्या गटातला होता.

निवासी डॉक्टरने वहिनीला 'टाका सुटला' म्हणून सांगितले ते याच वेळी. त्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी वरिष्ठ सर्जन स्वतः आले. त्यांनी वहिनीला बाकावर बसायला सांगितले, स्वतःही शेजारी बसले, आणि म्हणाले, "मी केलेला जोड भरून आलेला नाही. त्यातून घाण पोटात उतरते आहे. आज रात्रीच पोट उघडून धुवावे लागेल, आणि या वेळी पिशवी करावीच लागेल. जिवाला धोका आहे, पण वेळ गेलेली नाही." त्यांचे डोळे लाल झाले होते. गळती झालेल्या रुग्णाचा सर्जन रात्र रात्र झोपत नाही, हे मी जवळून पाहिलेले आहे. वॉर्डात कुणाला न सांगता पहाटे चार वाजता येऊन ड्रेन पाहून जाणारे डॉक्टर मला आठवतात.

भरून आलेला नाही. मराठीत जखम भरून येते, असे आपण लहानपणापासून म्हणतो. गुडघा फुटला तरी आई म्हणायची, हात लावू नको, भरून येऊ दे. भरून येणे हे जखमेचे स्वतःचे काम आहे. बाहेरचा माणूस कडा जवळ आणू शकतो, स्वच्छ ठेवू शकतो, वाट पाहू शकतो. इतका नेमका शब्द आपल्या भाषेत घरोघरी असताना आम्ही शिवणकामाचा शब्द का उचलला, हे मला त्या रात्रीपर्यंत सुचले नव्हते. वहिनीला तो लगेच समजला. तिने 'कुणी' हा प्रश्न पुन्हा विचारला नाही, तिने विचारले, "का नाही भरून आला?"

याला उत्तर देता येते, निदान काही अंशी. दादाने सिगारेट शस्त्रक्रियेच्या आधी जेमतेम दोन आठवडे सोडली होती. निदान चार आठवडे आधी सोडली तर जखमा भरून यायला मदत होते, कारण धूम्रपानाने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि पेशींना प्राणवायू कमी मिळतो. आजारात त्याचे वजन घटले होते आणि रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन कमी होते, म्हणजे विणायला सूतच अपुरे होते. तो पुरुष होता, हाही एक धोकाच. मधुमेह, दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइड्स, आधी झालेले रेडिएशन, तातडीने करावी लागलेली शस्त्रक्रिया यांनीही धोका वाढतो. दादाला यांतले काही नव्हते. आणि हे सगळे धोके असूनही ज्यांचा जोड आठ दिवसांत सुरेख भरून आला असे अनेक जण मी घरी पाठवले आहेत, तर तरुण, धडधाकट, निर्व्यसनी माणसाचा जोड गळलेलाही पाहिला आहे. कारणे धोका वाढवतात. अमुक एकाचाच जोड का गळला, हे ती शेवटपर्यंत सांगत नाहीत. म्हणून मला असे ठामपणे वाटते की गळतीचा दोष शोधताना हातापाशी थांबू नये. प्रश्न विचारायचाच तर गळती किती लवकर ओळखली गेली, हा विचारावा. तो प्रश्न मी मलाही विचारते, आणि त्याचे उत्तर सात तास असे आहे.

संमतिपत्राविषयीही लिहायला हवे. दादाच्या संमतिपत्रात गळतीचा उल्लेख होता, मराठीतही होता, परंतु तो इतक्या अवघड शब्दांत होता की दादाने त्यावरून नजर फिरवून सही केली. मी वॉर्डात असते तर आज रुग्णाला असे सांगितले असते : तुमच्या आतड्याचा जोड भरून यायला आठवडा-दीड आठवडा लागेल. दहांतल्या एकाचा भरून येत नाही आणि गळतो. तसे झाले तर पुन्हा पोट उघडावे लागू शकते, आणि काही महिने पिशवी लागू शकते. तुम्हाला आतून काही बदललेले वाटले, तर आकडे काहीही असोत, आम्हाला सांगा. रात्री दोन वाजता वाटले तर रात्री दोन वाजता सांगा. एवढे बोलायला दोन मिनिटे लागतात. महापालिकेच्या वॉर्डात खाटेवर एक आणि खाटेखाली एक रुग्ण असताना ती दोन मिनिटेही कशी निसटतात, हे मला माहीत आहे, आणि तरीही ती काढायला हवी होती.

त्या रात्री दोन वाजता दादाला पुन्हा शस्त्रक्रियागृहात नेले. पोट कित्येक लिटर सलाइनने धुतले, भोक लहान होते आणि आतड्याचा रंग चांगला होता म्हणून जोड मोडला नाही, नळ्या ठेवल्या आणि लहान आतड्याची पिशवी केली. पाच दिवस तो अतिदक्षता विभागात होता. एकूण 26 दिवसांनी घरी आला, तेव्हा वजन 14 किलोंनी उतरले होते. केमोथेरपी जी पाच-सहा आठवड्यांत सुरू व्हायची ती तीन महिन्यांवर गेली. गळतीचे हे एक नुकसान सहसा कुणी मोजत नाही.

लहान आतड्याच्या पिशवीत दिवसाला अर्धा ते पाऊण लिटर पातळ मळ येतो, आणि उन्हाळ्यात शरीरातले मीठ-पाणी इतक्या वेगाने जाते की माणूस बसल्या जागी कोसळू शकतो. दादाच्या उशाशी ओआरएसची पाकिटे कायम असत. मळातल्या पाचक रसांनी पिशवीभोवतीची कातडी सोलवटते, म्हणून चकतीचे भोक आतड्याच्या तोंडाइतकेच कापावे लागते, आणि ते मोजून कापण्यात वहिनीचा हात माझ्याहून चांगला निघाला. भात, केळे, उकडलेला बटाटा यांनी मळ घट्ट होतो. ओला नारळ मात्र चोथ्यामुळे पिशवीच्या तोंडाशी अडकू शकतो, म्हणून तो बंद झाला. आमच्यासारख्या कोकणातल्या घरात नारळाशिवाय स्वयंपाक कसा करायचा, हे वहिनी त्या सात महिन्यांत नव्याने शिकली. लोकलने जाणे दादाने टाळले. गर्दीत पिशवी दाबली गेली तर काय, आणि भांडुप ते परळ या प्रवासात ती रिकामी करायला स्वच्छ जागा मिळेल का, हे दोन्ही प्रश्न खरेच होते. तपासणीला आम्ही दुपारी, गर्दी नसताना टॅक्सीने जात असू. परळच्या रुग्णालयांबाहेर पदपथावर बिऱ्हाडे मांडून राहिलेली माणसे आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेली कुटुंबे दिसली की मी मनाशी म्हणे, यांच्यातल्या कुणाच्या अंगावर पिशवी असेल तर ती तो कुठे रिकामी करीत असेल?

दादा पिशवीला सरावला. केमोथेरपी संपल्यावर खालून औषध सोडून एक्स-रे काढले, जोड पूर्ण भरून आलेला दिसला, आणि पिशवी बंद करण्याची तारीख ठरली. पिशवी बंद करायची म्हणजे बाहेर काढलेल्या वेढ्याची दोन तोंडे पुन्हा जोडायची. म्हणजे पुन्हा एक जोड. लहान आतड्याचा, रक्तपुरवठा उत्तम असलेला, कमी धोक्याचा, पण जोडच. हे मी दादाला आधीच, साध्या शब्दांत सांगितले. तो म्हणाला, "म्हणजे पुन्हा पाच दिवस."

शस्त्रक्रिया बुधवारी झाली. रविवारी मी रात्रीच त्याच्याजवळ राहायला गेले. तो झोपला होता, वहिनी खुर्चीत बसल्या बसल्या पेंगत होती. वॉर्डातली सिस्टर पहाटेच्या फेरीला येऊन बीपी, ताप, नाडी लिहून गेली होती आणि तिने लिहिलेले आकडे चांगले होते. तरी सोमवारी उजाडताना मी त्याच्या मनगटावर तीन बोटे ठेवली. त्याने डोळे न उघडता विचारले, "किती?"

"थांब, मोजू दे," मी म्हणाले, आणि घड्याळाकडे पाहत पूर्ण मिनिटभर मोजत राहिले. अठ्ठ्याहत्तर होती.

"काल होतास तसा आहेस का आज?"

"भूक लागली आहे," तो म्हणाला. मी वहिनीला उठवून पेज गरम करायला सांगितली.